सासूबाई माझ्याच स्वप्नात

सासूबाई गेल्या आणि काही दिवसांतच माझ्या स्वप्नात येऊ लागल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. जिवंतपणी आमचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं, आणि गेल्यावर अडावं असं काही मागे राहिलेलंही नव्हतं. तरी त्या यायच्या. डोळ्यांवर जाड चष्मा, अंगात तो करडा स्वेटर. मला काही ना काही सूचना करायच्या आणि जायच्या.

माझ्या बायकोच्या स्वप्नात मात्र त्या एकदाही आल्या नाहीत. ती त्यांची एकुलती एक मुलगी. शेवटची दोन वर्षं सासूबाई गुडघ्यांमुळे घराबाहेर पडल्या नव्हत्या, तेव्हा त्यांचं सगळं हिनेच केलं. केस विंचरणं, नखं कापणं, औषधं, हाक आली की उठणं. मी फार तर औषधाच्या दुकानात जायचो आणि चुकीची बाटली घेऊन यायचो. त्या मानाने पाहिलं तर त्यांनी माझ्याकडे यावं हा सरळसरळ अन्याय होता, आणि बायको तो मला रोज सकाळी चहाबरोबर जाणवून द्यायची.

"आज आली होती?"

"आल्या होत्या."

"काय म्हणाली?"

"खिडकी लावा म्हणाल्या. वारा लागतो."

"आणि?"

"आणि काही नाही. मग मला जाग आली."

ती कप हातात धरून माझ्याकडे बघत राहायची. तिच्या मनात पाल चुकचुकायची की मी काहीतरी लपवतोय. मी लपवत नव्हतो. मी कापत होतो, आणि कापणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत उपसंपादक आहे. लोक लांब लिहितात आणि पानावर जागा कमी असते. एखादी बाई लिहिते, "परवा दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत असताना आमच्या शेजारणीने माझ्या जाऊबाईंना असं सांगितलं की काकडीने डोळ्यांना आराम पडतो." मी पेन उचलतो, आणि खाली "काकडीने डोळ्यांना आराम पडतो" एवढं उरतं. कोण, कुठे बसून, कोणाला म्हणालं याच्याशी वाचकाला काही देणंघेणं नसतं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझ्या तोंडातून वाक्य बाहेर पडायच्या आधीच आत कुठेतरी छाटलं जातं. बायको म्हणते, मी तिला मागणी घातली तेव्हा ती मागणी मथळ्यासारखी होती. तिला क्रियापद नव्हतं.

त्या खिडकीचं पुढे असं झालं की संध्याकाळी मी घरी आलो तर सासूबाईंच्या खोलीतली खिडकी घट्ट लागलेली होती. तिची कडी मोडून वर्ष झालं होतं. बायकोने नवी कडी आणून स्वतः बसवली होती आणि बोटाला पट्टी बांधून ती खिडकीसमोर उभी होती. "आता नाही लागणार वारा," ती म्हणाली. कोणती खिडकी ते मी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. काम झालं ते बरंच झालं, म्हणून मीही गप्प बसलो.

माझी बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिची स्वतःची गाडी आहे, टपावर पाटी असलेली, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असलेली. शेजारचा माणूस घाबरून भलतंच काही करायला लागला की ती बोलणं न थांबवता पाय दाबते आणि गाडी उभी राहते. दिवसभर हे केल्यामुळे तिची समजूत झाली आहे की जगातल्या प्रत्येक गोष्टीला कुठेतरी असा एक जादा ब्रेक असतो आणि तो सापडला की प्रश्न मिटला. स्वप्नांचंही तसंच असणार, असं तिने ठरवून टाकलं.

आता सासूबाईंच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हापासून आमचं नातं आदराचं होतं, म्हणजे आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण अजिबात नव्हतं. त्यांना मला जे सांगायचं असेल ते त्या मुलीमार्फत सांगायच्या. मी समोर बसलेला असायचो आणि त्या मुलीकडे बघून म्हणायच्या, "त्यांना सांग, चहा निवतोय." बायको मला म्हणायची, "चहा निवतोय." मी म्हणायचो, "पितोच आहे म्हणावं." हे पाहून पाहुण्यांना हसू यायचं. आम्हाला त्यात काही वाटेनासं झालं होतं, उलट सोयच होती. बायको मधल्या मध्ये दोन्हीकडचं थोडंथोडं गाळायची, आणि त्यामुळे घरात शांतता होती.

अपवाद एकच. मायलेकींचं बिनसलं की सासूबाई तिच्याशी अबोला धरायच्या आणि मग नाइलाजाने थेट माझ्याशी बोलायच्या. "अहो जावईबापू, मीठ द्या इकडे." एवढे शब्द कानावर पडले की बायकोचा चेहरा उतरायचा. एकदा पडद्यांच्या रंगावरून आठवडाभर त्या माझ्याशी बोलत होत्या. त्या आठवड्यात माझं वजन उतरलं.

तर बायकोने आईला स्वप्नात आणायचे प्रयत्न सुरू केले. आधी आईची शाल उशाशी घेतली. मग आईचा फोटो. मग ती आईच्या खोलीत, आईच्या पलंगावर जाऊन झोपू लागली. स्वप्नं पडली, नाही असं नाही. एका स्वप्नात तिच्याकडे शिकणारा एक शिंपी हँडब्रेक न काढता चढ चढत होता. दुसऱ्यात लायसन्सच्या परीक्षेचे साहेब मागच्या सीटवर बसून केळं खात होते. सकाळी ती मला हे अशा आवाजात सांगायची, जसं काही मीच त्या साहेबांना पाठवलं होतं.

"मला सगळा गाव दिसतो," ती म्हणाली. "फक्त ती नाही. आणि तुला? ज्याला तिच्या चष्म्याचा नंबर माहीत नाही?"

मला तो खरंच माहीत नव्हता.

याच सुमाराला आमच्या पुरवणीत एक लेख आला: "आपल्या स्वप्नांचे मालक व्हा." लिहिणारे झोपेच्या विकारांचे डॉक्टर होते. लेख नेहमीप्रमाणे दुप्पट लांब होता. त्यात पायऱ्या दिल्या होत्या. झोपताना जे पाहायचं ते मनात घोळवा. दिवसातून अनेकदा स्वतःच्या हातांकडे पाहा आणि स्वतःला विचारा, मी जागा आहे की झोपेत? ही सवय लागली की स्वप्नातही हात दिसतील, हे स्वप्न आहे हे स्वप्नातच कळेल, आणि मग सूत्रं तुमच्या हाती. ऐनवेळी गाद्यांची मोठी जाहिरात आली, म्हणून मी शेवटचे दोन परिच्छेद उडवले आणि पान सोडलं.

बायकोने तो लेख कापून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला. माझ्या कामाचा असा मान घरात पहिल्यांदाच झाला होता. ती दिवसभर हातांकडे बघू लागली. गाडी शिकवतानाही बघायची, त्यामुळे शिकणारेही तिच्या हातांकडे बघायचे आणि रस्त्याकडे कोणीच बघायचं नाही. आई आली नाही. शिंपी मात्र पुन्हा आला.

मग एका रविवारी दुपारी, मी पेपर वाचत बसलो होतो तेव्हा, ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"माझ्याकडे ती येणार नाही," ती म्हणाली. "आता तूच विचार तिला."

"काय विचारू?"

"रागावलीस का म्हणून. माझ्यावर."

"कशाबद्दल?"

"तिला कळेल."

"पण मला कळायला नको?"

"नको." ती नखाने खुर्चीचं रेक्झिन टोकरत होती. "त्या दिवशी सकाळी ती मला काहीतरी म्हणाली आणि मी घाईत होते. मी म्हटलं, संध्याकाळी बघू. ती काहीच बोलली नाही. मी गेले. दुपारी शेजारच्यांचा फोन आला. ती गप्प बसली ते नेहमीसारखी की अबोला धरला म्हणून, ते मला अजून माहीत नाही. माझ्याशी न बोलता गेली का रे ती?"

हे विचारताना तिचा आवाज इतका साधा होता की मला पेपरची घडी नीट घालता येईना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. शिकाऊ माणसाने गाडी ट्रकसमोर घातली तरी ती घाबरत नाही. तिच्यासाठी काहीही करावं असं मला वाटलं, आणि करायचं काय होतं, तर झोपायचं.

"विचारतो," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी ऑफिसात हातांकडे बघू लागलो. मथळा लिहिताना, फोनवर बोलताना, जिन्यात. संपादकांनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "हाताला काही लागलंय का?" मी म्हटलं, "नाही, जागा आहे का ते बघतोय." ते केबिनमध्ये गेले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडचं एक पान काढून दुसऱ्याला दिलं. झोपताना मी मनात घोकायचो: आई, तुम्ही तिच्यावर रागावलात का? पलीकडून बायको विचारायची, "घोकतोयस ना?" मी म्हणायचो, "तू बोललीस, आता पहिल्यापासून."

सासूबाई आल्या. त्यांनी यायचं सोडलंच नव्हतं. पण स्वप्नात मला प्रश्न आठवायचाच नाही. जागेपणी मी अगदी तयारीत असायचो आणि तिथे गेलो की मुकाट्याने ऐकून घेणारा जावई व्हायचो. सकाळी मी सांगायचो, "बटण तुटलंय म्हणाल्या सदऱ्याचं." दुसऱ्या दिवशी, "सरळ बसा म्हणाल्या." एकदा तर मला स्वप्नात खरंच माझा हात दिसला. हे स्वप्न आहे, हे मला लख्ख कळलं. मालक होण्याचा क्षण होता. मी त्या हाताकडे इतक्या कौतुकाने बघत बसलो की बाकी सगळं राहून गेलं.

"मग?" बायको म्हणाली.

"हात नीट ठेवा म्हणाल्या."

तिने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात एक दिवस ते डॉक्टर ऑफिसात आले. लेखाचा शेवट का कापला हे विचारायला आले होते. उंच, वाकलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी गाद्यांच्या जाहिरातीचं सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "गादी चांगली आहे का?" मी म्हटलं, माहीत नाही. मग त्यांना चहा मागवला आणि एका ओळखीच्या माणसाची म्हणून माझीच केस सांगितली.

"स्वप्नात कोण यावं ते माणसाला ठरवता येतं का हो, डॉक्टर?"

"कधीकधी. थोडंफार."

"आणि आलेल्या माणसाने काय बोलावं ते?"

"जागेपणी ठरवता येतं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

"तुम्ही जे कापलंत," थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्यात लिहिलं होतं की यातलं काहीही सगळ्यांना जमेलच असं नाही. आणि शेवटी होतं की जाग आल्यावर स्वप्न कोणाला तरी सबंध सांगावं, काहीही न गाळता. निम्मा उपयोग त्याचाच असतो."

"तुम्ही सांगता कोणाला?"

"मला स्वप्नं पडत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर हा विषय घेतला."

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. जाताना त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि खूप दया आल्यासारखी मान हलवली.

मी तरीही आणखी काही दिवस रेटलं असतं, पण मध्येच एक गोष्ट घडली. बायकोकडे एक पेन्शनर शिकायला येतात, सोसायटीतलेच, भित्रे आणि सभ्य. त्यांनी गाडी आत घेताना ब्रेकऐवजी दुसरंच काही दाबलं आणि गाडी फाटकावर आदळली. कोणाला काही झालं नाही, फक्त एक दिवा फुटला. पण बायकोचा पाय उशिरा पडला होता. तिचा पाय उशिरा पडला! हे मला पेन्शनरांनी लिफ्टमध्ये सांगितलं, आणि ते फाटकापेक्षा त्यालाच जास्त घाबरलेले दिसले. घरी ती फुटक्या काचेचे तुकडे कागदावर घेऊन बसली होती. "मी हातांकडे बघत होते," ती म्हणाली.

त्या दिवशी मी ठरवलं की आता खोटं बोलायचं.

खोटं मी ऑफिसात बसून तयार केलं, कारण तिथे मला सुचतं. पहिला खर्डा लांबलचक झाला. त्यात सासूबाई बरंच बोलत होत्या, डोळे पुसत होत्या, मुलीच्या कष्टांची आठवण काढत होत्या. वाचून मलाच पटेना. मी कापायला घेतलं. डोळे गेले, कष्ट गेले, आठवणी गेल्या. शेवटी एक स्वच्छ वाक्य हाती आलं: "मी तिच्यावर रागावलेली नाही." यात हलवण्यासारखं काही नव्हतं. घरी जाताना मी ते वाक्य वस्तू जपून न्यावी तसं नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा ठेवला. खाली पेन्शनर गाडीजवळ येऊन उभे होते, ते गॅलरीतून दिसत होतं.

"आली होती?"

"आल्या होत्या," मी म्हटलं. "आणि विचारलं मी."

ती उभी होती ती खाली बसली.

"मी विचारलं, तुम्ही तिच्यावर रागावलात का? त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. अगदी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मला म्हणाल्या, जावईबापू, मी तिच्यावर रागावलेली नाही."

हे "जावईबापू" मी आयत्या वेळी घातलं. वाक्य जरा कोरडं वाटत होतं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हसेल. तिचा चेहरा उतरला. तो चेहरा मी ओळखत होतो. जेवताना मिठाची बरणी माझ्याकडे मागितली गेली की तो तसा व्हायचा.

"तुझ्याशी बोलली?" ती म्हणाली. "थेट?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतक्या मेहनतीने जे वाक्य घडवलं होतं त्यातलं "रागावलेली नाही" तिने ऐकलंच नव्हतं. तिने "जावईबापू" ऐकलं होतं. आई तिच्या नवऱ्याशी थेट बोलत होती, आणि त्याचा आमच्या घरात एकच अर्थ होता.

"म्हणजे धरलाच अबोला," ती म्हणाली. "इतके दिवस तुझ्याशीच बोलतेय. मला आधीच कळायला हवं होतं. खिडकी लावा, बटण लावा, सरळ बसा. सगळं तुलाच."

"नाही नाही," मी म्हटलं. "माझ्याशी कुठे बोलतात त्या?"

"आत्ताच म्हणालास."

"ते खोटं होतं."

माझ्या तोंडून ते सहज निघून गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. एवढं सांगून भागणार नव्हतं, म्हणून मी पुढे सांगितलं, की प्रश्न मी एकदाही विचारू शकलेलो नाही, ते वाक्य माझं आहे, ऑफिसात बसून लिहिलेलं, आणि जावईबापू तर आत्ता टेबलाशी बसून घातलेलं. ती भयंकर चिडली. आणि मी घाबरून खरं सांगत सुटलो.

"त्या माझ्याशी एकदाही थेट बोललेल्या नाहीत. शप्पथ. नेहमीसारखंच असतं ते. छबे, त्यांना सांग, खिडकी लावा. छबे, त्यांना सांग, सदऱ्याचं बटण तुटलंय. छबे, त्यांना म्हणावं सरळ बसा."

छबी हे तिचं नाव नाही. तिला त्या नावाने फक्त सासूबाई हाक मारायच्या आणि त्या गेल्यापासून घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. मीही नव्हता. माझ्या तोंडून तो बाहेर पडला आणि ती राग विसरली.

"कोणाला म्हणते असं?" तिने विचारलं.

"तुला. दुसऱ्या कोणाला म्हणणार?"

"मी असते तिथे?"

"असतेस की."

"कधी असते?"

"रोज. तू नसशील तर त्या मला सांगतील कशा?"

ती उठली आणि पुन्हा बसली. "मी रोज तिथे असते," ती म्हणाली, "आणि तू मला हे सांगितलं नाहीस?"

मला खरंच त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. कोण कोणाला म्हणालं हे मी सवयीप्रमाणे उडवलं होतं, आणि खाली फक्त खिडकी, बटण आणि सरळ बसणं उरलं होतं. रोज सकाळी, चहा घेता घेता, मी माझ्या बायकोला तिच्या आईजवळून कापून काढत होतो. मला स्वतःची इतकी लाज आजवर वाटली नव्हती.

खालून पेन्शनरांनी एकदा हॉर्न वाजवला आणि मग बहुधा घाबरून पुन्हा वाजवला नाही.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "सगळं. काही कापू नकोस."

"काय सांगू? रोज तेच असतं. आपण तिघं गाडीत बसलेले असतो..."

"गाडीत?"

"हो. तुझ्या गाडीत, पाटीवाल्या. मी मागे बसतो. मागच्या खिडकीची काच मी खाली केलेली असते, तर त्या म्हणतात, छबे, त्यांना सांग, खिडकी लावा, वारा लागतो. त्या दिवशी मी हात बाहेर काढून बघत होतो, तर म्हणाल्या, त्यांना म्हणावं हात आत घ्या, नीट ठेवा..."

मी बोलायचं थांबलो, कारण ती रडत होती. आवाज न करता, हात मांडीवर ठेवून.

"त्या दिवशी सकाळी," ती म्हणाली, "ती मला म्हणाली, मला गाडीतून एक चक्कर मारून आण. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला परीक्षेला माणूस न्यायचा होता. मी म्हटलं, संध्याकाळी बघू. दिवसभर कोणाकोणाला फिरवत असते मी, आणि तिला म्हटलं, संध्याकाळी बघू."

मी तिचा हात धरला. चहावर साय धरली होती.

मग तिने डोळे पुसले. "कुठे बसते ती?"

"पुढे. तुझ्या जागेवर, शिकवणाऱ्याच्या."

"आणि चालवतं कोण?"

मला गाडी चालवता येत नाही, हे तिला माहीत आहे. तिने मला शिकवायचा प्रयत्न केला होता आणि मग संसार टिकावा म्हणून सोडून दिला होता. सासूबाईंनी तर जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"तू," मी म्हटलं.

खाली पेन्शनरांनी गाडीला एक फेरी मारली आणि फुटका दिवा वाकून पाहिला.

"हळू चालवते ना रे मी? तिला भीती वाटायची."

"नाही. त्या सारखं म्हणतात, छबे, हळू. तू ऐकत नाहीस."

"मग ब्रेक का दाबत नाही? तिच्या पायाशीच तर आहे."

मी नीट आठवून पाहिलं. तो करडा स्वेटर, मांडीवरची पर्स, आणि खाली त्यांचे सपाट चपलांतले पाय, त्या ब्रेकच्या अगदी शेजारी, स्वस्थ ठेवलेले.

"नाही दाबत," मी म्हटलं. "घर जवळ आलं की दरवेळी एकच म्हणतात. ते मला नसतं, म्हणून मी सांगितलं नाही."

"काय म्हणते?"

"छबे, अजून एक चक्कर."